प्रोपेलर, प्रतिकृती-विमानाचा

प्रतिकृती-विमानाच्या इंजिनाला जोडायच्या पंख्याचे माप व्यास आणि पिच या दोन आकड्यांनी, सहसा इंचांत, सांगतात. ‘१०×६’ म्हणजे व्यास १० इंच. आणि पंखा हवेत मुळीच न घसरता फिरला, तर एका फेऱ्यात ६ इंच पुढे सरकेल. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर हा सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ९१ किमी. होतो.

सुमारे ६.५ घ.सेंमी. (०.४० घ.इंच) क्षमतेच्या ग्लो इंजिनाला शिकाऊ विमानात १०×६ पंखा बहुधा चालतो. जड, संथ विमानाला मोठा व्यास व कमी पिच (११×५) हवी. वेगवान विमानाला याच्या उलट. इंजिनावरचा भार व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो, पिचच्या मात्र जवळजवळ सम प्रमाणात. म्हणूनच व्यास एक इंचाने वाढवला, की पिच एक इंचाने कमी करण्याचा प्रघात आहे.

पंखा अतिमोठा असेल तर इंजिन दबते, तापते. अतिलहान असेल तर फेरे भलतेच वाढून बेअरिंग व कनेक्टिंग रॉड झिजतात. उत्पादकाने सुचवलेल्या मापापासून सुरुवात करून टॅकोमीटरने फेरे मोजावेत, हीच खात्रीची पद्धत. उड्डाणात भार हलका होऊन फेरे आणखी वाढतात, हे हिशेबात धरावे. पंख्याचे टोक धावपट्टीला घासणार नाही इतकी उंचीही हवी.

पात्याच्या कडेला बारीकशी खाच दिसली तरी पंखा टाकून द्यावा; जोडकाम करून तो पुन्हा कधीही वापरू नये. फिरत्या पंख्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये.