बहिणा नावाच्या दोघी

गंगापूर हे नाव एकट्याने पुरत नाही. नाशिकजवळ गोदावरीवर जे धरण आहे तेही गंगापूरचेच. राजस्थानात गंगापूर आहे. आणि भीमा-अमरजेच्या संगमावरील दत्तक्षेत्र गाणगापूर याच्याशी तर या नावाची गल्लत नित्याचीच. म्हणून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील गंगापूरच्या माणसाला आपल्या गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा जोडावा लागतो. या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. तेव्हा तिच्या काठाने एकाहून अधिक गंगापुरे असावीत यात नवल नाही. पण गावांच्या बाबतीत जी अडचण पोस्टाच्या पत्त्याने सुटते, तीच माणसांच्या, विशेषतः कवींच्या बाबतीत आली की वाङ्मयेतिहासाला पिढ्यान्‌पिढ्या पुरते. या गंगापूरच्या शेजारच्याच तालुक्यात जिची समाधी आहे अशा एका कवयित्रीच्या निमित्ताने आम्हांस या अडचणीचा येथे विचार करावयाचा आहे.

मराठी कवितेत आडनाव फार उशिरा आले. मध्ययुगीन कवी आपल्या रचनेच्या शेवटी नाममुद्रा घालतो, आणि हे नाव बहुधा त्या काळी घरोघर असणारेच नाव असते. नामा, एका, तुका, जना, बहिणा ही नावे कुणा एकाच्या मालकीची नव्हती. म्हणून नावाला कशाची तरी जोड द्यावी लागे. एकनाथांनी गुरूची जोड दिली. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत देवगिरीचे जनार्दनस्वामी कायमचे जाऊन बसले. त्याच गुरूचे शिष्य रामा जनार्दन आणि बीडचे जनी जनार्दन यांनीही तीच रीत पाळली. परिणामी जनार्दन हे एकच नाव तिघांच्या कवितेत येते आणि भेद फक्त पहिल्या शब्दावर उरतो. अठराव्या शतकातील तुकाविप्रांनी जातीची जोड दिली. गंगापूर तालुक्यातील शेंदूरवाद्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या मध्वमुनीश्वरांचे मूळ नाव त्र्यंबक; परंतु कवितेत त्यांनी तेराव्या शतकातील द्वैतमताच्या आचार्यांचे नाव धारण केले. म्हणजे नामसाम्य कधी अपघाताने येते, तर कधी भक्तीने मागून घेतलेले असते.

या जोडण्या नेहमीच पुरेशा ठरत नाहीत. याचे सर्वांत बोलके उदाहरण नामदेवांचे आहे. शिंपी कुळातील नामदेव (१२७०–१३५०) आणि त्यांच्यानंतर सुमारे अडीच शतकांनी महाभारत मराठीत आणणारा विष्णुदास नामा, हे दोन निराळे कवी. पण ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा पहिल्या नामदेवांच्या अभंगांतही येते. ज्या विशेषणाने दोघे वेगळे व्हावेत तेच दोघांत समान! पुढे गाथेच्या संकलनात दुसऱ्याच्या रचना पहिल्याच्या नावावर गेल्या. डॉ. रा. गो. भांडारकरांना नामदेवांच्या अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीहून बरीच अर्वाचीन वाटली, आणि त्यांनी नामदेवांचा काळच सुमारे शतकभर पुढे ओढण्याचा विचार मांडला. मौखिक परंपरेत भाषा पिढीगणिक बदलते हे त्याचे एक कारण. दुसऱ्या नाम्याचे शब्द पहिल्याच्या मुखी घातले गेले हे दुसरे. याच्या उलट वाटेने १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रातून ‘भारद्वाज’ यांनी ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते हे दोन वेगळे ज्ञानदेव असल्याचा वाद उपस्थित केला. एका ठिकाणी दोघांचा एक झाला. दुसऱ्या ठिकाणी एकाचे दोन करण्याचा प्रयत्न झाला. तो वाद विद्वानांच्या बहुमताने मान्य केला नाही, परंतु नाव हा पुरावा म्हणून किती दुबळा आहे हे त्याने दाखवून दिले.

आता ज्या नामसाम्याकडे आम्हांस वळावयाचे आहे ते वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आहे. कारण त्या दोघींत अडीचशे वर्षांचे अंतर आहे, दोघींची भाषा वेगळी आहे, आणि एकीच्या ओळी दुसरीच्या पुस्तकात शिरलेल्या नाहीत. एक संत बहिणाबाई (१६२८–१७००). दुसऱ्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). वर्गात शिकविताना मात्र अनुभव असा येतो की विद्यार्थी तुकोबांच्या शिष्येला खानदेशच्या शेतात उभे करतात, आणि जात्यावरची ओवी गाणाऱ्या बाईंना देहूला पाठवितात. ही चूक दुरुस्त करणे सोपे आहे. आमचे म्हणणे असे की ती दुरुस्त करताना आपण जी विशेषणे वापरतो, त्यांत एक मोठी चूक दडलेली आहे.

प्रथम दोघींची ओळख. पहिल्या बहिणाबाईंचा जन्म वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे, आऊजी कुलकर्णी व जानकी यांच्या पोटी झाला. हे देवगाव आज कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी म्हणून ओळखले जाते. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचे लग्न शिऊरच्या पाठक घराण्यातील तिशीतल्या बिजवराशी झाले. शिऊर म्हणजेच त्यांच्या अभंगांतील शिवपूर, गंगापूरला लागून असलेल्या वैजापूर तालुक्यात. त्यांची समाधीही तेथेच. कुटुंब गाव सोडून फिरत फिरत कोल्हापुरास गेले. तेथे जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने ऐकताना तुकोबांचे अभंग कानी पडले. जीव जडलेले वासरू गेले, आणि त्या व्याकुळ अवस्थेत, कधी न पाहिलेल्या तुकोबांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला. वय अकरा-बारा वर्षांचे. ब्राह्मण स्त्रीने कुणब्याला गुरू करावे हे पतीस सोसले नाही. त्याने मारहाण केली. पुढे त्याचे मन पालटले आणि सारे देहूस गेले. हे सर्व आपल्याला ठाऊक आहे ते बहिणाबाईंनी स्वतःच अभंगांतून सांगितले म्हणून. सतराव्या शतकातील एका मराठी स्त्रीचे हे आत्मकथन आहे. १९२९ मध्ये जस्टिन ॲबट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये ॲन फेल्डहाऊस यांनी पत्नीपण आणि संतपण यांच्या ताणाच्या अंगाने त्याचा अभ्यास केला.

दुसऱ्या बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी विवाह, तिशीत वैधव्य, तीन मुले आणि शेतीचा संसार. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करताना लेवा गणबोलीत गाणी सुचत आणि म्हटली जात. त्यांतली काही पुत्र सोपानदेव चौधरी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवली, पुष्कळशी हवेत विरून गेली. त्यांच्या निधनानंतर आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने आणि प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघाले.

या दोघींना वेगळे ओळखता यावे म्हणून आपण एकीला ‘संत’ म्हणतो आणि दुसरीला ‘कवयित्री’. १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, तेव्हा ते ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ असेच देण्यात आले. एका मोठ्या कवयित्रीचा हा उचित गौरव आहे. परंतु भाषेतील विशेषणे नुसती ओळख पटवून थांबत नाहीत. ती वाटणीही करतात. ‘संत’ म्हटले की कवितेकडे पाहण्याची गरज उरत नाही, आणि ‘कवयित्री’ म्हटले, त्यातही निरक्षर कवयित्री म्हटले, की विचाराची अपेक्षा उरत नाही.

पहिल्या बहिणाबाईंची वाटणी पाहा. वारकरी पंथाच्या इमारतीचा पाया ज्ञानदेवांनी घातला आणि कळस तुकोबा झाले, हे रूपक महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? भाषणांत, पाठ्यपुस्तकांत, राजकीय सभांतसुद्धा ते वापरले जाते. ते बहिणाबाईंच्या नाममुद्रेच्या अभंगातले आहे हे मात्र वापरणाऱ्यांपैकी थोड्यांना आठवते. एका पंथाचा तीन-साडेतीनशे वर्षांचा इतिहास एकाच वास्तूच्या प्रतिमेत बसविणे, त्यात नामदेवांना, एकनाथांना नेमकी जागा देणे, हे समीक्षकाचे आणि कवीचे काम आहे. आपण ते भाविकाचा उद्गार म्हणून घेतले. वज्रसूची उपनिषदाच्या आधाराने ब्राह्मण कोणास म्हणावे याची चर्चा त्यांनी अभंगांतून केली. देह, जात, जन्म यांपैकी काहीही ब्राह्मण्य ठरवीत नाही, ही त्या चर्चेची दिशा. स्त्रीदेहामुळे वेदाचे दार बंद आहे याची वेदना त्यांनी मांडली, आणि त्याच लेखणीने पतिव्रताधर्माचे अभंगही रचले. या विसंगतीत एक मन झगडताना दिसते. परंतु ‘संत’ या शब्दाच्या शांत छायेत तो झगडा ऐकू येईनासा होतो.

दुसऱ्या बहिणाबाईंची वाटणी उलट दिशेने झाली. त्यांच्या गाण्यांतील सुगरणीचा खोपा, मोट, जाते, पेरणी यांवर आपण इतके लुब्ध झालो की त्यांच्या मागचा विचार आपल्याला ‘सहजस्फूर्त’ वाटू लागला. छापखान्यावरच्या त्यांच्या एका गाण्यात कोरा कागद छापून निघतो आणि शहाणा होतो, माणूस मात्र होता तसाच वेडा राहतो, असा भाव आहे. ज्या स्त्रीला वाचता येत नव्हते तिने छापील शब्दावर केलेले हे भाष्य भाबडे खचित नाही. साक्षरांच्या संस्कृतीला निरक्षराने विचारलेला तो प्रश्न आहे. मनाच्या चंचलतेवरची त्यांची कविता घ्या. तेथे दृष्टांतामागून दृष्टांत येतात आणि प्रत्येकात आधीच्याहून वेगळी बाजू तपासली जाते. हा क्रम शास्त्रीय विवेचनाचा आहे, फक्त त्याची परिभाषा शेतातली आहे.

विशेषणे बाजूस ठेवली म्हणजे दोघींमधले खरे नाते दिसू लागते, आणि ते नावापलीकडचे आहे. दोघीही अक्षराच्या उंबरठ्याबाहेर उभ्या होत्या. एकीला जन्माने ब्राह्मण असूनही स्त्री म्हणून वेद निषिद्ध. दुसरीला शाळाच नाही. दोघींनी आपल्यापुरते निराळे विद्यापीठ शोधले. एकीने स्वप्नातल्या कुणबी गुरूकडून मंत्र घेतला, तर दुसरीने आपली शिकवण थेट सरस्वतीकडून आल्याचे गाण्यात सांगितले आणि तेथे स्वतःचे ‘बहिना’ हे नावही गुंफले. प्रत्येक रचनेअखेर मुद्रा घालण्याची रीत त्यांच्याकडे नाही. पण जेथे नाव येते तेथे ते ज्ञानाच्या हक्काशी जोडून येते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरे साम्य याहून हृद्य आहे. दोघींचा श्रोता त्यांचा मुलगा आहे. संत बहिणाबाईंनी अखेरच्या काळी पुत्र विठोबाला जवळ बोलावून आपल्या बारा पूर्वजन्मांची हकिकत सांगितली. चालू जन्म तेरावा. चौधरींच्या घरी मुलाने आईचे शब्द कागदावर उतरविले. त्या मुलाचे नाव सोपानदेव, ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचे! नावे अशी पिढ्यांतून खाली झिरपत येतात. मराठी स्त्रीची वाणी आपल्यापर्यंत पोचण्यासाठी पुत्राचे कान आणि लेखणी लागली, ही गोष्ट जितकी कृतज्ञतेची तितकीच अस्वस्थ करणारी आहे. ज्या बहिणांना असे पुत्र नव्हते त्यांच्या गाण्यांचे काय झाले असेल?

आडनावाचाही एक इतिहास येथे दिसतो. पहिल्या बहिणाबाई कुलकर्णींच्या लेक आणि पाठकांच्या सून. परंतु अभंगात त्या केवळ ‘बहिणी’ आहेत. पुस्तकाचे मुखपृष्ठ आले, ग्रंथालयाची नोंदवही आली, आणि नावाला आडनाव अनिवार्य झाले. दुसऱ्या बहिणाबाई छापील युगातल्या म्हणून ‘चौधरी’ राहिल्या. तरीही अत्र्यांच्या काळच्या त्या पुस्तकाच्या शीर्षकात आडनाव नाही, ‘बहिणाबाईची गाणी’ एवढेच आहे. ते योग्यच झाले. बहिणा हे नाव मुळात ‘बहीण’ या नात्यावरून आलेले. ते सर्वांचे असण्यातच त्याचा अर्थ आहे.

तेव्हा शिक्षकांनी या दोघींची गल्लत जरूर टाळावी, सनावळ्या नीट सांगाव्यात. परंतु एकदा तरी दोघींना एकाच तासाला, विशेषणांवाचून, शेजारी ठेवून वाचावे. पहिलीच्या अभंगांत प्रतिमा शोधाव्यात, दुसरीच्या गाण्यांत युक्तिवाद शोधावा. गंगापूरहून शिऊर दूर नाही, आणि तेथून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावावरून खानदेश सुरू होतो. नकाशावर जे एवढे जवळ आहे ते आपल्या अभ्यासक्रमात मात्र दोन वेगळ्या कप्प्यांत पडून आहे.