जुन्या गाडीला नवे टायर कोणते?

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार या इंग्लिश कंपनीने ‘ई-टाइप’ नावाची स्पोर्ट्स कार लोकांपुढे ठेवली. लांबलचक नाक, तारांच्या आऱ्यांची चाके आणि ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा. पुढे चौदा वर्षांत अशा ७२ हजारांहून अधिक गाड्या बनल्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्या आजही हौशी मालकांनी निगुतीने सांभाळल्या आहेत. इंजिन उघडून दुरुस्त करता येते, पत्रा ठोकून सरळ करता येतो. टायर मात्र दर काही वर्षांनी टाकूनच द्यावे लागतात. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो, आता नवे टायर कोणते घ्यायचे?

हा प्रश्न दुकानदाराने सोडवावा असा वाटतो. पण तो उकलताना रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास एकत्र येतो, म्हणून तो आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत. आपला समज असा असतो की आधी गाडी बनते आणि मग तिला टायर बसवतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. अभियंते त्या काळी मिळणारा टायर गृहीत धरून त्याच्याभोवती गाडी बांधतात. टायर बदलला की गाडीमागचे ते गृहीतच बदलते.

तळहाताएवढी जागा

एक साधे गणित करू. गाडीचे वजन १२०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो भार येतो. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर हा भार तोलायला साधारण १५० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. म्हणजे १२ सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद, जेमतेम मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी! वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे गाडी अशा चार तळहातांच्या जोरावर करते.

ही जागा सतत बदलत असते. टायरचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर ताशी २४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला तीसहून अधिक फेरे मारते. टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तीसहून अधिक वेळा दबतो आणि पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही भाग उष्णता बनून उरतो. टायरचा इतिहास हा बऱ्याच अंशी या उष्णतेशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

तिरप्या धाग्यांकडून आडव्या धाग्यांकडे

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयरला गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. गंधकाचे अणू रबराच्या लांब रेणूंमध्ये पूल बांधतात. १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण तेव्हा बग्ग्यांचा जमाना होता आणि कल्पना विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून पेटंट मिळवले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर ते रद्द ठरले! १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत धाग्यांचा सांगाडा असतो. सुरुवातीच्या टायरांत धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत घातलेले असत, चटईच्या विणीसारखे. याला क्रॉस-प्लाय म्हणतात. चाक फिरताना हे थर एकमेकांवर सरकू पाहतात आणि तापतात. शिवाय बाजूची भिंत आणि जमिनीवर टेकणारा पट्टा एकाच विणीचे असल्यामुळे भिंत वाकली की पट्टाही वेडावाकडा होतो.

फ्रान्समधील मिशेलिन कंपनीत मारियस मिन्योल नावाचा गृहस्थ होता. तो मुळात कंपनीच्या छापखान्यात कामाला लागला होता. टायर नेमका कुठे तापतो हे पाहण्यासाठी त्याने एक प्रयोग केला. बाजूच्या भिंतीतले तिरपे थर काढून तिथे दूर दूर अंतरावर सरळ तारा बसवल्या. त्या विचित्र टायरला लोक ‘माश्यांचा पिंजरा’ म्हणू लागले. टायर फारच कमी तापला! यातूनच रेडियल टायर जन्मला. भिंतीतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत थेट आडवे, आणि पट्ट्याखाली पोलादी तारांचा वेगळा कमरपट्टा. १९४६ मध्ये पेटंट झाले आणि १९४९ मध्ये ‘एक्स’ नावाने टायर बाजारात आला. इटलीच्या पिरेल्ली कंपनीने कापडी धाग्यांच्या कमरपट्ट्याचा ‘चिंतुरातो’ काढला. या इटालियन शब्दाचा संबंध कमरपट्ट्याशीच आहे.

आता पुन्हा ई-टाइपकडे वळू. रेडियल निघून बारा वर्षे झाली होती, तरी १९६१ च्या ई-टाइपवर डनलॉपचा आरएस-५ हा क्रॉस-प्लाय टायर होता. बराच वेळ भरधाव जायचे असेल तर आधी हवेचा दाब वाढवावा, अशी सूचना मालकाला असे. कमी दबणे म्हणजे कमी तापणे, हे साधे तत्त्व त्यामागे होते. त्याच दशकात पुढे ई-टाइपला डनलॉपचेच १८५ मिलिमीटर रुंदीचे एसपी-४१ रेडियल टायर मिळू लागले. म्हणजे एकाच गाडीच्या आयुष्यात टायरची दोन युगे येऊन गेली.

टायरवर लिहिलेला इतिहास

जुन्या ई-टाइपच्या क्रॉस-प्लाय टायरवर ‘६.४०-१५’ असे लिहिलेले असे, रुंदी ६.४० इंच आणि रिमचा व्यास १५ इंच. रेडियलवर आले ‘१८५-१५’, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम मात्र इंचातच! दोन मोजपद्धती एकाच ओळीत नांदतात, आणि ही खिचडी आजच्या टायरवरही दिसते.

पुढे तिसरा आकडा आला. ‘२०५/५०’ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के. जुन्या रेडियलवर टक्केवारी लिहीत नसत, कारण ती ८२ च्या आसपास गृहीत असे. त्याशेजारी वेगाचे अक्षर असते. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत आणि एच म्हणजे २१० पर्यंत. व्ही म्हणजे एके काळी ‘२१० च्या वर’ एवढेच होते, आता ती मर्यादा २४० आहे.

बुटक्या, रुंद टायरांचे युग १९७० च्या दशकात पिरेल्लीच्या पी-७ टायरने आणले. पोर्श ९११ टर्बोला तो पुढे २०५/५० आणि मागे २२५/५० अशा मापांत बसवला गेला. भिंत बुटकी असल्यामुळे वळणावर टायर कमी वाकतो आणि गाडी चटकन वळते. मग कुणाला वाटेल, ई-टाइपलाही असाच टायर का बसवू नये? रिम तर १५ इंचीच आहे.

मुलांना करायला देण्याजोगे गणित येथे आहे. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. १८५-१५ टायरची भिंत सुमारे १५२ मिलिमीटर, म्हणून पूर्ण व्यास ३८१ + १५२ + १५२ = ६८५. २०५/५० टायरची भिंत १०२.५, म्हणून व्यास ५८६. चाक सुमारे १४ टक्क्यांनी लहान झाले. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. त्यामुळे काटा १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८६ ने धावत असेल. त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतील आणि गाडी जमिनीला जवळजवळ ५ सेंटिमीटर जवळ येईल. उलट २०५/७० टायरचा व्यास ६६८ येतो, फरक अडीच टक्क्यांच्या आत. चाकाच्या कमानीत तो घासत नाही ना, एवढे पाहिले की पुढचा विचार करता येतो.

जास्त पकड नेहमी चांगली का नसते?

वळताना चाक ज्या दिशेला रोखलेले असते, त्याच दिशेला गाडी तंतोतंत जात नाही. टायर थोडा पिळला जातो आणि दोन दिशांमध्ये लहानसा कोन पडतो. या पिळातूनच गाडीला वळवणारे बल निर्माण होते. क्रॉस-प्लाय टायरमध्ये हा कोन मोठा असतो आणि पकड हळूहळू सुटते. चालकाला आधीच कळते की आता गाडी घसरणार. रेडियल लहान कोनातच जास्त बल देतो, पण मर्यादा ओलांडली की तो अधिक अचानक सुटतो. म्हणून एकाच गाडीवर दोन्ही प्रकार मिसळणे धोक्याचे. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय बसवले, तर पुढची चाके धरून राहतात आणि मागची आधी सुटतात. गाडी गर्रकन फिरते. ब्रिटनमध्ये अशी जोडी कायद्यानेच बंद आहे.

पकड वाढली की बल वाढते, आणि ते कुठेतरी पेलावे लागते. चाकांच्या आऱ्या, बेअरिंगे, सस्पेन्शनचे सांधे हे सारे जुन्या टायरच्या बलासाठी घडवलेले असतात. जुनी गाडी वळणावर एका बाजूला झुकते आणि तिच्याबरोबर चाकही. उंच, गोलसर खांद्याचा टायर हे झुकणे सहन करतो. रुंद, सपाट टायर झुकला की त्याची एक कडाच टेकते आणि ज्या रुंदीसाठी पैसे मोजले ती हवेत राहते. त्यातच सुरुवातीच्या ई-टाइपला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे गाडी उभी करताना चालकाचे हात भरून येतात.

न झिजता म्हातारा होणारा टायर

मग जपून ठेवलेला, त्या काळचा अस्सल टायरच बसवावा का? नाही. येथे प्रश्न जिवाचा होतो.

गंधकाने पूल बांधल्यावरही रबराच्या रेणूत पुष्कळ दुहेरी बंध शिल्लक राहतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्यांच्यावर हल्ला करतात. रबर कडक होते, त्याचा ताणला जाण्याचा गुण कमी होतो. ओझोनपासून बचावासाठी टायरमध्ये मेण आणि काही रसायने मिसळतात. टायर फिरताना, दबताना ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. म्हणजे महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या स्पोर्ट्स कारचा टायर न झिजताच म्हातारा होतो. नक्षी नव्यासारखी दिसते, पण आत कमरपट्टा आणि सांगाडा यांना धरून ठेवणारे रबर ठिसूळ झालेले असते.

१० सप्टेंबर २०१२ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात एका बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली आणि तिघांचा मृत्यू झाला. टायरची नक्षी पुरेशी होती, पण टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. दगावलेल्यांत एक मुलगा अठरा वर्षांचा होता, म्हणजे टायर त्याच्यापेक्षा वयाने मोठा! त्याच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १ फेब्रुवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बस व ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी आली.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात पोर्श करेरा जीटी या गाडीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र दगावले. तपासात अपघाताचे कारण बेफाम वेग हे ठरले. मात्र गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो, अशी नोंदही तपास करणाऱ्यांनी केली. याच मॉडेलची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. २०२४ मध्ये तिच्यासाठी मिशेलिनने खास बनवलेले नवे टायर लावून जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या मार्गावर फेरी मारण्यात आली. चालक वेगळा होता, पण वीस वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा ही फेरी सुमारे १६ सेकंदांनी जलद झाली. त्यातला मोठा वाटा नव्या रबराचा.

मग निवड कशी करावी?

वरच्या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की उत्तर दिसू लागते. माप, भिंतीची उंची आणि सांगाड्याचा प्रकार गाडीच्या काळाचा असावा, रबर मात्र ताजे आणि आजच्या ज्ञानाचे असावे. मिशेलिन, पिरेल्ली यांसारख्या कंपन्या जुन्या मापांचे आणि जुन्या नक्षीचे टायर आजही थोड्या संख्येने बनवतात, ते यासाठीच. वेगाचे अक्षर गाडीच्या कमाल वेगाला पुरेसे असावे, चारही टायर एकाच जातीचे असावेत आणि त्यांची जन्मतारीख तपासून घ्यावी.

ही जन्मतारीख वाचणे हा वर्गासाठी सोपा उपक्रम आहे. टायरच्या भिंतीवर चार आकडे एका लहान चौकटीत किंवा अक्षरांच्या ओळीच्या शेवटी असतात. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. २००० सालापूर्वी तीनच आकडे असत. तीन आकडे दिसले तर टायर पंचवीस वर्षांहून जुना आहे हे नक्की. ही ओळ कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला असते, तेव्हा वाकून पाहावे लागते.

ई-टाइप आपल्या गावात दिसण्याचा संभव कमी. पण शाळेच्या आवारात उभ्या स्कूटरी, मोटारसायकली, रिक्षा आणि मुलांना आणणारी गाडी यांच्या टायरांवरही हे आकडे असतात. मुलांना वही-पेन्सिल घेऊन ते टिपायला सांगावे, मापावरून व्यास आणि घेर काढायला लावावा, वयाचा तक्ता करून फळ्यावर मांडावा. एखादा टायर दहा वर्षांच्या पुढचा निघाला, तर गाडीच्या मालकाला ते मुलांनीच जाऊन सांगावे.