पोटगीच्या दाव्यातील दडवलेले उत्पन्न न्यायालयात कसे उघड होते?

छत्तीसगडमधील भिलाई येथील खुर्सीपार ही पोलाद कारखान्याच्या परिसरातील कामगारवस्ती आहे. कारखान्यातील कायम कामगाराची मिळकत वेतनपत्रकावर दिसते. मात्र मालमोटारीचा मालक, कंत्राटदार किंवा छोटा दुकानदार यांची बरीचशी कमाई रोखीत असते. घटस्फोटानंतर पोटगीचा वाद दुर्गच्या कौटुंबिक न्यायालयात गेला की हा फरक निर्णायक ठरतो. ज्याची मिळकत कागदावर नाही, त्याच्याकडून मुलांच्या शाळेचा आणि घरभाड्याचा खर्च कोणत्या आधारावर मागायचा, असा प्रश्न उभा राहतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीदेखील पोटगी मागू शकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणालाही कायम निर्वाहभत्ता मागण्याची तरतूद आहे. दोन्ही ठिकाणी रक्कम ठरते ती देणाऱ्याची ऐपत आणि मागणाऱ्याची गरज पाहून.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निकाल नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या प्रकरणात लागला. पत्नी व मुलाच्या अंतरिम पोटगीचा तो वाद २०१३ पासूनचा होता. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरातील न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. पत्नी गरजा वाढवून सांगते आणि पती खरे उत्पन्न लपवतो, ही प्रवृत्ती नोंदवून खंडपीठाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी त्याचा स्वतंत्र नमुना आहे. प्रतिवादीने ते कमाल चार आठवड्यांत द्यायचे असते. हेतुपुरस्सर टाळाटाळ केल्यास त्याचा बचाव रद्द होऊ शकतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरते, त्यामुळे वेळ काढून पैसे वाचत नाहीत. या सूचनांचे पालन नीट होत नसल्याचे आढळल्याने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पुन्हा सर्वत्र पाठवण्याचे निर्देश दिले.

प्रतिज्ञापत्र हीच पुढील तपासणीची पायरी असते. त्यातील आकडे आणि प्रत्यक्ष राहणीमान यांत तफावत दिसल्यास विरुद्ध पक्ष लेखी प्रश्नावली देऊ शकतो आणि कागदपत्रे हजर करण्याची मागणी करू शकतो. बँक खात्यांचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, कर्जाच्या अर्जात स्वतः नमूद केलेले उत्पन्न आणि विम्याचे हप्ते यांतून खरे चित्र पुढे येते. महिना दहा हजार रुपये मिळकत सांगणारा माणूस पंधरा हजारांचा वाहनकर्जाचा हप्ता भरत असेल, तर खुलासा त्यानेच करायचा असतो. एखादी बाब ज्याला विशेषत्वाने ठाऊक आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो, हे पुराव्याच्या कायद्याचे तत्त्व आहे. कागदपत्रे दडवल्यास न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते.

काही नोंदी सर्वांना पाहता येतात. छत्तीसगडमधील जमिनीची माहिती ‘भुइयां’ संकेतस्थळावर, महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर, तर कंपनीच्या संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे मिळतात. मालमत्ता भावाच्या किंवा आईच्या नावावर असली, तर ती खरेदी करण्यासाठी पैसा कोठून आला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पगारदारांच्या बाबतीत प्राप्तिकर आणि सक्तीची भविष्य निर्वाह निधीची कपात सामान्यतः मान्य होते. स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचे हप्ते पुढे करून हाती येणारे वेतन कमी दाखवण्याचा प्रयत्न अनेक उच्च न्यायालयांनी फेटाळला आहे.

पुरावा मिळवण्याच्या मार्गालाही मर्यादा आहे. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये किंवा ईमेलमध्ये परवानगीविना शिरणे गुन्हा ठरू शकतो. त्याऐवजी बँकेला किंवा नियोक्त्याला समन्स काढण्याची विनंती न्यायालयाकडे करणे सुरक्षित असते.

नोकरी नाही, एवढे सांगूनही जबाबदारी टळत नाही. धडधाकट पतीने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी व अल्पवयीन मुलांचा सांभाळ केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. प्रतिज्ञापत्रात जाणीवपूर्वक खोटी माहिती देणाऱ्यावर, मग तो पती असो वा पत्नी, खोट्या पुराव्याबद्दल कारवाई होऊ शकते. आदेशानंतर कोणाचीही परिस्थिती बदलल्यास पोटगीची रक्कम वाढवण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो.