उतारवयातील वैद्यकीय देखभाल : विशेषज्ञ अनेक, पण लक्ष कोणाचे?

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण ११.२ टक्के होते. देशाची सरासरी त्या वेळी ८.६ टक्के होती. राज्य लहान आहे आणि इस्पितळे फार दूर नाहीत. त्यामुळे येथील ज्येष्ठाला डॉक्टरच मिळाला नाही, असे सहसा घडत नाही. अडचण वेगळीच आहे. रक्तदाबासाठी एक डॉक्टर, मधुमेहासाठी दुसरा, गुडघ्यांसाठी तिसरा आणि प्रोस्टेटसाठी चौथा असतो. परंतु चौघांच्या चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवून पाहणारा कोणीच नसतो. उतारवयातील अनेक दुखणी मूळ आजारापेक्षा या तुटलेपणातून वाढतात. म्हणून ज्येष्ठांच्या आरोग्याचा विचार करताना संपूर्ण माणसाकडे पाहणारा एक डॉक्टर निश्चित करणे, ही पहिली पायरी ठरते.

‘वयोमानानुसार होणारच’ या उत्तराची मर्यादा

वृद्धांच्या वैद्यकाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात १९३५ पासून डॉ. मार्जरी वॉरेन यांनी वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या वृद्धांची नव्याने तपासणी सुरू केली. योग्य निदान, व्यायाम आणि पुनर्वसन यांच्या साहाय्याने त्यांतील अनेक जण उठून चालू लागले व घरी परतले. ‘म्हातारपण’ हे निदान नव्हे, हा या शाखेचा मूलमंत्र तेथून रुजला.

तरीही वारंवार पडणे, लघवीवर ताबा न राहणे, विसरभोळेपणा, उदासी, भूक मंदावणे आणि वजन घटणे या तक्रारी आजही ‘वयोमानानुसार होणारच’ या वाक्यावर मिटविल्या जातात. वास्तविक यांतील प्रत्येकीमागे उपचार करता येण्याजोगे कारण असू शकते. विसरभोळेपणाच्या मुळाशी थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणे किंवा झोपेची गोळी असू शकते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी होण्याची शक्यता असते. पायांना मुंग्या येत असतील तर ही तपासणी करून घ्यावी. स्मृतिभ्रंशासंबंधीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगी १४ कारणे नोंदविली आहेत. श्रवणदोष आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष यांचा त्यांत समावेश आहे. श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा संबंध केवळ कान-डोळ्यांच्या सोयीशी नाही, तो मेंदूच्या आरोग्याशीही आहे.

औषधांची साखळी

उतारवयात मूत्रपिंडांची कार्यक्षमता मंदावते, शरीरातील पाण्याचे व स्नायूंचे प्रमाण घटते आणि मेंदू औषधांना अधिक संवेदनशील होतो. चाळिशीत निर्धोक असलेली मात्रा पंच्याहत्तरीत जड ठरू शकते. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा स्नायू घटल्यामुळे ठीक दिसतो, पण मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता प्रत्यक्षात बरीच कमी झालेली असते. म्हणून अहवालात केवळ क्रिएटिनिन पाहणे पुरेसे नसते. वयाच्या हिशेबाने काढलेला ‘ई-जीएफआर’ पाहिल्यावरच औषधाची मात्रा ठरवावी लागते.

एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, तेव्हा साखळी सुरू होते. रक्तदाबासाठी दिलेल्या ॲम्लोडिपीनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. सूज पाहून दुसऱ्या ठिकाणी लघवी वाढविणारे फ्युरोसेमाइड दिले जाते. त्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते, शरीरातील क्षार घटतात आणि उभे राहताच रक्तदाब खाली येतो. चक्कर येते म्हणून तिसरीकडे चक्करेची गोळी मिळते आणि तिने गुंगी वाढते. अखेर एका रात्री न्हाणीघराच्या वाटेवर ज्येष्ठ पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. या साखळीत प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुरते योग्य तेच केलेले असते, चूक दिसते ती सर्व चिठ्ठ्या एकत्र पाहणाऱ्यालाच.

काही औषधांबाबत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात, जठरात रक्तस्राव घडवू शकतात आणि रक्तदाबही वाढवितात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो आणि स्मृती मंदावते. सर्दीच्या मिश्रणातील क्लोरफेनिरामीनमुळे लघवी तुंबू शकते, मन गोंधळू शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलोलचे थेंबही रक्तात उतरतात, नाडी मंदावू शकतात आणि दमेकऱ्याचा दमा बळावू शकतात. थेंब, मलम, काढे आणि चूर्णे यांना अनेक जण ‘औषध’ मानत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांपुढे त्यांचा उल्लेखच होत नाही.

आणखी एक धोका दुहेरी मात्रेचा आहे. सरकारी इस्पितळातून मूळ नावाने मिळालेली गोळी आणि खासगी डॉक्टरने व्यापारी नावाने लिहिलेली गोळी या दोन्ही एकाच औषधाच्या असू शकतात. वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ नाव पडताळून पाहिल्यास ही चूक टळते. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे तितकेच धोक्याचे आहे. झोपेची औषधे, स्टेरॉइड आणि हृदयाची काही औषधे एकदम थांबविल्यास गंभीर परिणाम होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात.

लक्ष देणारा डॉक्टर कसा ओळखावा

पदव्यांची लांबी किंवा दवाखान्याबाहेरची गर्दी ही याची कसोटी नव्हे. गावातला फॅमिली डॉक्टर, आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी किंवा मोठ्या इस्पितळातील फिजिशियन यांपैकी कोणीही ही भूमिका निभावू शकतो. पुढील खुणा पाहाव्यात :

• सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला विचारण्यापूर्वी तो रुग्णालाच प्रश्न विचारतो. रुग्णाला ऐकू कमी येत असल्यास समोर बसून, सावकाश बोलतो.

• इतर डॉक्टरांनी दिलेली औषधे मागवून पाहतो आणि नवी गोळी लिहिताना जुनी एखादी बंद करता येईल का, याचाही विचार करतो.

• गेल्या वर्षभरात पडणे झाले का, झोप कशी आहे, लघवी-शौचाची तक्रार आहे का, वजन घटले का, मन रमते का, हे विचारतो.

• रक्तदाब बसवून आणि उभे करूनही मोजतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचा धोका आहे हे तो जाणतो.

• साखरेचे लक्ष्य सरसकट ठेवीत नाही. धडधाकट ज्येष्ठासाठी तीन महिन्यांची सरासरी दाखविणारे ‘एचबीएवनसी’ सातच्या आसपास ठेवणे योग्य असते. अशक्त किंवा अनेक आजार असलेल्या व्यक्तीसाठी आठपर्यंतचा आकडाही चालतो. अशा व्यक्तीत साखर अचानक उतरणे हा अधिक मोठा धोका असतो.

• प्रत्येक औषध कशासाठी, किती दिवस आणि पुन्हा कधी यावयाचे, हे स्पष्ट सांगतो.

यांतील बहुतेक गोष्टी होत असतील, तर तो दवाखाना अधिक जवळ, अधिक स्वस्त किंवा अधिक नावाजलेला नसला तरी सोडू नये. विशेषज्ञाकडे जरूर जावे, पण तेथील कागद घेऊन पुन्हा याच डॉक्टराकडे यावे.

भेटीपूर्वीची तयारी

सरकारी ओपीडीत रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून तयारी घरी करावी. एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने कागद लावावेत. पहिल्या पानावर आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, न सोसणारी औषधे आणि सध्याच्या गोळ्यांची मात्रा व वेळ लिहावी. वर्षातून किमान एकदा, तसेच इस्पितळातून घरी आल्यावर प्रत्येक वेळी, घरातील झाडून सारी औषधे एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवावीत. सांगावयाच्या तक्रारी तीनच, महत्त्वाच्या क्रमाने, लिहून न्याव्यात. लघवीची किंवा उदासीची तक्रार संकोचाने शेवटी राहते आणि मग राहूनच जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत प्रत्येक पथकाचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. फेरतपासणीला त्याच वारी गेल्यास त्याच पथकाकडून पाहणी होण्याची शक्यता वाढते.

गोव्यातील व्यवस्था

१८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची परंपरा बांबोळीच्या गोमेकॉने पुढे चालविली आहे. म्हापसा आणि मडगाव येथे जिल्हा इस्पितळे आहेत. काणकोण किंवा पेडण्याहून प्रत्येक लहान कामासाठी बांबोळी गाठणे ज्येष्ठाच्या प्रकृतीला परवडणारे नसते. रक्तदाब, साखर आणि नेहमीची औषधे यांसाठी जवळचे आरोग्य केंद्र धरावे आणि विशेष उपचारांसाठीच बांबोळीला जावे, हा मार्ग सोयीचा ठरतो. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून दूरध्वनीच्या पडद्यावर डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो.

२०१६ पासून सुरू असलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत पाच वर्षे वा अधिक काळ गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांना संरक्षण मिळते. तीन व्यक्तींपर्यंतच्या कुटुंबासाठी वर्षाला अडीच लाख, तर मोठ्या कुटुंबासाठी चार लाख रुपये अशी तिची मर्यादा आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. या योजनांचा रोख प्रामुख्याने इस्पितळात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. महिन्याच्या गोळ्या, चष्मा आणि श्रवणयंत्र यांचा खर्च कुटुंबाने स्वतंत्रपणे धरावा. कार्डाचे नूतनीकरण आजारपण येण्यापूर्वीच करून ठेवावे आणि अपेक्षित उपचार योजनेत बसतो का, हे इस्पितळातील कक्षात आधी विचारून घ्यावे.

घरी करावयाचे काम

डॉक्टर वर्षातून काही तास भेटतो. उरलेले आरोग्य घरात घडते. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायामही करावेत, असे तिचे सांगणे आहे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे हा त्यांतील सर्वांत सोपा प्रकार होय. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जावे आणि परत येऊन बसावे. याला बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांना सांगावे.

आहारात ‘आता काय, पेजेवर भागते’ ही वृत्ती घातक आहे. उतारवयात दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. पेजेसोबत मासळी, अंडे, मूग, अळसांदे किंवा दही असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. सुकी मासळी आणि खारे हे मिठाचे मोठे साठे आहेत. रक्तदाब असणाऱ्यांनी ते चवीपुरतेच घ्यावेत.

पावसाळ्यात ओसरी, बाल्कांव आणि विहिरीजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. ते खरवडून काढणे, न्हाणीघरात धरायला दांडी बसविणे आणि रात्री वाटेत मंद दिवा ठेवणे, ही कामे कोणत्याही टॉनिकपेक्षा अधिक उपयोगी आहेत. दरवर्षी फ्लूची लस, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची आणि नागिणीची लस घ्यावी.

धोक्याच्या खुणा आणि पुढचे निर्णय

वृद्धांत आजार वेगळ्या रूपाने येतो. छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, केवळ धाप लागते किंवा एकाएकी गळाठा येतो. ताप नसतानाही जंतुसंसर्ग असू शकतो. काल नीट बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बोलू लागली, तर त्याला म्हातारचळ न समजता तातडीने इस्पितळ गाठावे. लघवीतील संसर्ग, घटलेले सोडियम किंवा नवे औषध यांपैकी काहीही कारण असू शकते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे दिसताच वेळ लक्षात ठेवून १०८ ला दूरध्वनी करावा.

मुले आखातात, पोर्तुगालला किंवा बोटीवर आणि आई-वडील गावच्या घरात, हे चित्र गोव्यात सर्वत्र दिसते. अशा घरांत फाइल कोठे आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असावे आणि परदेशातील मुलाचा क्रमांक डॉक्टरांकडे असावा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत.

स्वतःला बोलता येणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही आधी सांगून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वनिर्देशांना मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्यांची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन आता पुरेसे आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा निर्देश नोंदवून राज्यात पायंडा पाडला. कागद करावयाचा नसला, तरी आपली इच्छा घरच्यांना आणि त्या एका डॉक्टराला शुद्धीत असतानाच सांगितलेली असावी. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलांवरचा मोठा भार त्याने हलका होतो.