कोपऱ्यातला 'जी'

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला उतरताना फोनच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत बसायचा मला नाद आहे. पिरंगुटपर्यंत तिथे '५जी' ऐटीत बसलेला असतो. मुळशीचं पाणी दिसायला लागलं की त्याचा '४जी' होतो, घाटात शिरताना नुसता 'ई' उरतो आणि पुढच्या एखाद्या वळणावर तोही दिसेनासा होतो. शेजारचा म्हणतो, "गेली रेंज." तास-दीड तासाच्या रस्त्यात आपण वीस वर्षं मागे जाऊन आलो, हे काही त्याच्या गावी नसतं.

या अक्षरांच्या कुळात पहिला घोटाळा 'जी'चाच आहे. हल्ली जी म्हणजे जनरेशन, पिढी. (विदर्भातल्या माणसाला आदरार्थी 'जी' आठवेल. "काय जी, नेट चालते का?" हे तिथे अगदी शुद्ध वाक्य आहे.) पण कोपऱ्यात सगळ्यात आधी उगवलेल्या एकट्या 'जी'चा पिढीशी काहीही संबंध नव्हता. तो जीपीआरएसचा जी होता, म्हणजे 'जनरल'चा.

त्याआधी मोबाइलवर डेटा जायचा तो फोन कॉलसारखा. लाइन अडवून ठेवायची, मिनिटावर पैसे मोजायचे आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. जीपीआरएसने लाइन अडवणं बंद केलं. डेटाचे तुकडे करून, जिथे मोकळी जागा सापडेल तिथे ते सरकवून दिले. बिल मिनिटावरून केबीवर आलं. दहा केबीला दहा पैसे हा दर ज्यांनी भरला आहे, त्यांना पान उघडण्याआधी त्यातली चित्रं बंद करायची सवय अजून आठवत असेल.

'ई' आला २००३ मध्ये, अमेरिकेत. त्याचं पूर्ण नाव एज. ही अक्कलहुशारीची गोष्ट आहे, कारण टॉवर तेच, लहरींचा पट्टाही तोच, २०० किलोहर्ट्झचा. बदललं ते बसवण्याचं तंत्र. लहरीच्या एका ठोक्यात आधी एक बिट जायचा, आता तीन जायला लागले. लोकलच्या तिघांच्या बाकावर "जरा सरका" म्हणत चौथी सीट काढतात, त्याच जातीचं हे काम. फक्त इथे एकाच्या जागेत तिघं. अर्थात सिग्नल क्षीण झाला की ही दाटी निभत नाही. तिघं कोण नि कुठले ते ओळखू येईनासं होतं, मग यंत्रणा आपणहून माणसं कमी करते. २००७ चा पहिला आयफोन याच 'ई'वर चालायचा.

आता पिढ्यांचे आकडे. १९७९ मध्ये टोकियोत एनटीटीने पहिली व्यापारी सेल्युलर सेवा सुरू केली, १९८१ मध्ये उत्तर युरोपातले देश आले, १९८३ मध्ये शिकागो. यांतल्या कुणीही स्वतःला १जी म्हणवलं नाही. पणजोबा काही जन्मतःच पणजोबा नसतो. १ जुलै १९९१ ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी पहिला जीएसएम कॉल केला, आवाज डिजिटल झाला, तेव्हा जुन्या मंडळींना मागाहून 'पहिली' हे पद मिळालं.

तिसऱ्या पिढीचं मात्र नवसाच्या मुलासारखं जन्माआधीच बारसं झालं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आधी तिला एफपीएलएमटीएस असं नाव ठेवलं होतं. ते कुणाच्याच तोंडी बसेना, म्हणून आयएमटी-२००० केलं. या २००० मध्ये तीन इच्छा कोंबल्या होत्या: सन २००० मध्ये यावी, २००० मेगाहर्ट्झच्या आसपास चालावी, वेग २००० किलोबिट द्यावा. जपानच्या डोकोमोने ती १ ऑक्टोबर २००१ ला आणली. दरम्यान ब्रिटनने तिच्या लहरींचा लिलाव करून साडेबावीस अब्ज पौंड उभे केले होते. एवढा पैसा ओतल्यावर आकडा इंजिनिअरांच्या वहीत थोडाच राहतो! तो दुकानाच्या पाटीवर आला. एका कंपनीने तर स्वतःचंच नाव 'थ्री' ठेवलं आणि ब्रिटनमधला मुहूर्त धरला तिसऱ्या महिन्याच्या तीन तारखेचा, २००३ सालचा.

आपल्याकडे एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत ३जी सुरू केलं. खासगी कंपन्यांसाठीचा लिलाव २०१० मध्ये झाला. तो ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला, सरकारला सदुसष्ट हजार कोटींहून जास्त मिळाले. गिऱ्हाइकाने हौसेने थ्रीजीचा पॅक मारला आणि कोपऱ्यात दिसला 'एच'. हा कोण नवीन पाहुणा? तो ३जीचाच सुधारलेला अवतार होता, वेगाने कितीतरी पुढे. पण पैसे थ्रीजीचे आणि अक्षर भलतंच, त्यामुळे रिचार्जवाल्याला "अहो काका, एच म्हणजे हायस्पीड" हे समजावत बसावं लागायचं.

चौथ्या पिढीला तोतये निघाले. संघाने २००८ मध्ये अट घातली होती: धावत्या गाडीत सेकंदाला १०० मेगाबिट, स्थिर माणसाला एक गिगाबिट. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ओस्लोत एलटीई नावाचं नवं तंत्र सुरू झालं, ते या अटीच्या जवळपासही नव्हतं. तरी पाटी ४जीचीच. वर्षभराने संघानेच हात टेकले आणि ३जीत भरीव सुधारणा केली असेल तर त्यालाही ४जी म्हणायला हरकत नाही, असं जाहीर केलं. अमेरिकेत एटी अँड टीच्या आयफोन ४एस धारकांनी मार्च २०१२ मध्ये एक अपडेट घेतला, आणि कोपऱ्यातल्या ३जीचा ४जी झाला. फोन तोच, टॉवर तोच, वेगही तोच. पानिपतच्या भाऊसाहेबांच्या तोतयाला निदान वेषांतर तरी करावं लागलं होतं.

याच कंपनीने २०१९ च्या सुरुवातीला ४जी फोनवर '५जी ई' झळकवलं. तेव्हा प्रतिस्पर्धी टी-मोबाइलने एका फोनच्या कोपऱ्यावर '९जी' लिहिलेली चिठ्ठी चिकटवतानाचा व्हिडिओच टाकला. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज तो वाटतो.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी आलं. त्याचा एक प्रकार ४जीच्या आधाराने चालतो. त्यात ४जीचा टॉवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी एक बिटभर खूण पाठवतो: माझ्या जोडीला ५जी असू शकतं. ही खूण ऐकल्याबरोबर ५जी दाखवायचं, की जोडणी खरोखर झाल्यावर, याचे मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने पर्याय आखून दिलेत. कोणता घ्यायचा ते कंपनी ठरवते. त्यामुळे खिशात निवांत पडलेला फोन ५जी मिरवतो, तेव्हा त्याने ५जीशी एक अक्षरही बोलणं केलेलं नसू शकतं.

कुळातली आणखी एक उलटी गोष्ट म्हणजे मुलगा बापाच्या आधी गेला. एअरटेलने २०२० पर्यंत देशातलं आपलं ३जी बंद केलं, २जी मात्र ठेवलं. बटणांचे फोन त्यावर आहेत आणि शेतातले मोबाइल स्टार्टरही. रात्री लाइट आली की घरबसल्या मोटर चालू करता येते ती याच म्हाताऱ्याच्या जिवावर. शिवाय ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडीतूनही वाट काढतात. ५जीच्या ३५००च्या आसपासच्या लहरींना एखादी टेकडीही पुरते.

गेल्या पावसाळ्यात घाटात धुक्यामुळे गाडी अर्धा तास उभी होती. धबधब्याचा फोटो काही केल्या जाईना, गोल गोल फिरत राहिला. मग तो रद्द केला आणि "तासाभरात पोचतो, भात टाक" एवढंच लिहिलं. कोपऱ्यात 'ई' होता. मेसेज गेला.