आठवा सर्व्हर

नवा प्रोजेक्ट एडिटरमध्ये उघडला की माझी पहिली दहा मिनिटं ठरलेली असतात. फोल्डर बरोबर उघडलाय का, सेटिंगची फाइल कुठली उचलली जातेय, कुठलं फीचर चालू आहे आणि कुठलं बंद, एवढं आधी बघायचं. हल्लीचे एडिटर या कामात मदत करतात. ज्या फंक्शनला कुणीच बोलवत नाही ते फिकट दिसतं, आणि ते काढून टाकायचं आहे हे नजरेलाच कळतं. पण ‘अमुक फ्लॅग “हो” असेल तर हे चालव’ अशी एखादी ओळ कुठे शिल्लक असेल, तर एडिटर ते फंक्शन फिकट करत नाही. तो फ्लॅग नऊ वर्षांत कुणी ‘हो’ केलेला नाही, हे त्याला कळायला मार्गच नसतो. जिवंत कोड आणि कधीच न चालणारा कोड त्याच्या पडद्यावर सारखेच ठळक दिसतात.

असाच एक ठळक दिसणारा, न चालणारा कोड १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी अमेरिकेत चालू झाला आणि ४५ मिनिटांत एका मोठ्या कंपनीला बुडण्याच्या काठावर घेऊन गेला. कंपनीचं नाव नाइट कॅपिटल, मुक्काम न्यू जर्सीतलं जर्सी सिटी. अमेरिकेतल्या नोंदणीकृत शेअरांच्या एकूण उलाढालीत हिचा वाटा जवळपास दहा टक्के होता. आपल्याकडे सेबी आहे तसं तिकडे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन आहे. त्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये या प्रकरणाचा आदेश काढला आणि त्यात सगळं क्रमाने मांडलं. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळा न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे आहेत. भारताचं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास पुढे होतं.

२००३. नऊ वर्षं आधी

नाइटकडे शेअरांच्या ऑर्डरी बाजारात पाठवणारी एक यंत्रणा होती, स्मार्स नावाची. तिच्याकडे एक मोठी ऑर्डर यायची आणि ती त्या ऑर्डरीचे लहान लहान तुकडे करून बाजारात सोडायची. या यंत्रणेत ‘पॉवर पेग’ नावाचं एक फीचर होतं. २००३ मध्ये कंपनीने ते वापरणं बंद केलं.

बंद केलं म्हणजे वापरलं नाही, इतकंच. कोड जागेवर राहिला. एका फ्लॅगने तो पुन्हा चालू होऊ शकत होता.

२००५. सात वर्षं आधी

पॉवर पेगमध्ये एक मोजणी होती. हजार शेअर घ्यायचे असतील तर शंभर-शंभराचे तुकडे सोडत जायचं, किती पूर्ण झाले ते मोजत जायचं, आणि हजार भरले की थांबायचं. २००५ मध्ये ही मोजणी तिथून उचलून स्मार्सच्या आधीच्या टप्प्यावर नेली. कोडची जागा बदलणं रोजचंच काम आहे, त्यात गैर काही नाही. पण मोजणी निघून गेल्यावर मागे उरलेला पॉवर पेग नीट थांबतो का, हे कुणी तपासलं नाही. वापरातच नसलेल्या फीचरची चाचणी कोण घेणार?

गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट काढून दुसरीकडे बसवावा आणि खालची जुनी मोटर मात्र वायरीला जोडलेलीच राहावी, तसं हे झालं. बटण दाबेपर्यंत कुणाला काही कळणार नव्हतं. दाबल्यावर मात्र टाकी भरली हे मोटरला सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

जुलै २०१२. चार आठवडे आधी

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करायची होती. जुलैच्या सुरुवातीला मंजुरी मिळाली आणि सुरुवातीची तारीख ठरली १ ऑगस्ट. नाइटच्या प्रोग्रॅमरांच्या हाती महिनाभरही नव्हता.

नवा कोड पॉवर पेगच्या जागी बसवायचा असं ठरलं, म्हणजे जुनं एकदाचं निघून जाणार होतं. इथवर सगळं योग्यच होतं. पण नव्या योजनेसाठी नवा फ्लॅग न करता पॉवर पेगचाच जुना फ्लॅग घेतला. कालपर्यंत त्या फ्लॅगचा ‘हो’ म्हणजे ‘पॉवर पेग चालव’, आता त्याच ‘हो’चा अर्थ ‘नवी योजना चालव’. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि कुठला लागू होणार हे त्या मशीनवर कुठला कोड आहे त्यावर ठरणार.

माझ्या मते खरी चूक इथे झाली. पुढे जे झालं ते या निर्णयातून आलेलं आहे. फ्लॅगचं नाव बदललं असतं तर जुना कोड असलेल्या मशीनला तो ओळखताच आला नसता, आणि ती जुनी मोटर चालू झाली नसती.

२७ जुलै, शुक्रवार. पाच दिवस आधी

स्मार्सचे आठ सर्व्हर होते. नवा कोड एकदम सगळीकडे न टाकता थोड्या थोड्या सर्व्हरवर, दिवसामागून दिवस चढवायला सुरुवात झाली. ही सावधगिरी चांगलीच. पण चढवण्याचं काम हाताने चाललं होतं आणि त्यात एका तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. सातांवर नवा कोड, आठव्यावर जुना, पॉवर पेगसकट.

दुसऱ्या कुणी जाऊन बघितलं नाही, कारण दुसऱ्याने बघावं असा लेखी नियमच कंपनीत नव्हता.

या प्रकरणाबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा त्या तंत्रज्ञाकडे बोट दाखवतात. मला ते मुळीच पटत नाही. आठ ठिकाणी तीच फाइल हाताने टाकणारा माणूस कधी ना कधी एक ठिकाण विसरणारच. मी विसरलोय, तुम्हीही विसरला असाल. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य आपल्या धंद्यात रोज कानावर येतं, त्याचं कारणच हे आहे. माणूस विसरणार हे धरून चालायचं आणि दुसरी नजर ठेवायची, ही जबाबदारी काम वाटून देणाऱ्याची असते.

आणि ही तपासणी किती सोपी आहे बघा. कुठल्याही फाइलचा चेकसम काढता येतो, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. फाइलमध्ये एक अक्षर जरी वेगळं असेल तरी ठसा बदलतो. आठ सर्व्हर, आठ ठसे, एकाखाली एक आठ ओळी. सात ओळी हुबेहूब सारख्या आणि एक निराळी, हे शाळकरी पोरगंसुद्धा दाखवून देईल.

१ ऑगस्ट, बुधवार, सकाळी ८:०१. बाजार उघडायला ८९ मिनिटं

नाइटच्या एका अंतर्गत यंत्रणेतून आपोआप मेल सुटायला लागले. त्यात स्मार्सचा उल्लेख होता आणि काय बिघडलंय याचं वर्णन होतं ‘पॉवर पेग डिसेबल्ड’.

९:३० पर्यंत असे ९७ मेल गेले. ते एका दोघांना नाही, कंपनीतल्या एका गटाला गेले.

हे मेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेले नव्हते आणि आल्याबरोबर ते वाचायची पद्धतही नव्हती. मी या जागी दर वेळी थांबतो. नऊ वर्षं न वापरलेल्या फीचरचं नाव बाजार उघडण्याच्या दीड तास आधी लोकांच्या मेलबॉक्समध्ये येऊन पडलं होतं. एकाने जरी ‘हे पॉवर पेग आज मध्येच कुठून आलं?’ असं विचारलं असतं, तरी आठवा सर्व्हर बाजूला काढायला वेळ पुरेसा होता.

सकाळी ९:३०. बाजाराची घंटा

आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते. पुणेकरांना ती संध्याकाळ जंगली महाराज रस्त्यावरच्या स्फोटांमुळे लक्षात आहे. न्यूयॉर्कच्या बाजाराकडे इथे कुणाचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं.

नव्या योजनेच्या ऑर्डरी फ्लॅग ‘हो’ करून येऊ लागल्या. सात सर्व्हरांनी त्या बिनचूक हाताळल्या. आठव्याने तो ‘हो’ त्याला माहीत असलेल्या जुन्या अर्थाने वाचला आणि पॉवर पेग चालू केला. तुकडे बाजारात जाऊ लागले. ऑर्डर पूर्ण झाली तरी जातच राहिले. मोजणी २००५ मध्येच हलवलेली होती.

ऑर्डरी मोठ्या नव्हत्या. सगळ्या मिळून २१२, त्याही किरकोळ गुंतवणूकदारांच्या.

९:३० नंतर

एखादा शेअर कुणी न थांबता घेत सुटलं की त्याचा भाव चढतो, आणि घेणाऱ्यालाच पुढचा शेअर महाग पडतो. विकत सुटलं की उलटं. नाइट १५४ शेअरांमध्ये एकाच वेळी हेच करत होती. त्यातल्या ७५ शेअरांत भाव पाच टक्क्यांहून जास्त हलले. ३७ शेअरांत दहा टक्क्यांहून जास्त हलले, आणि त्या ३७ मधली निम्म्याहून अधिक उलाढाल एकट्या नाइटची होती. विझर्ड सॉफ्टवेअर नावाच्या एका छोट्या कंपनीचा साडेतीन डॉलरच्या आसपासचा शेअर १४ डॉलरच्या वर गेला.

हे शेअर नाइटच्याच एका खात्यात साचत होते. त्या खात्याला २० लाख डॉलरची मर्यादा होती. पण ती मर्यादा ओलांडली की ऑर्डरी आपोआप थांबतील अशी जोडणी केलेली नव्हती. आकडा पडद्यावर वाढत होता आणि पुढचं सगळं माणसांच्या बघण्यावर सोडलेलं होतं.

याच ४५ मिनिटांत कधीतरी

आता दुरुस्ती सुरू झाली. बाजार चालू आहे, मिनिटाला साधारण एक कोटी डॉलर जाताहेत, आणि अशा प्रसंगी काय करायचं याची लेखी पद्धत हाताशी नाही. तिथल्या इंजिनिअरांची अवस्था मला कळते. प्रोजेक्ट अचानक चालेनासा झाला की आपण सगळेच एक हिशेब करतो: काल चालत होतं, आज नवं टाकलं, म्हणजे दोष नव्यात. काढा नवं.

त्यांनी तेच केलं. सात सर्व्हरांवरून नवा कोड उतरवला.

ते सात सर्व्हर बरोबर चालले होते. नवा कोड निघाल्यावर तिथे जुना कोड परत आला आणि त्याच्यासोबत पॉवर पेगही. ऑर्डरी तर फ्लॅग ‘हो’ करूनच येत होत्या, कारण फ्लॅग ऑर्डरीबरोबर बाहेरून येत होता आणि तो कुणी मागे घेतला नव्हता. कोड मागे गेला, फ्लॅग पुढेच राहिला. इतका वेळ एका सर्व्हरवर चाललेला प्रकार आता बाकीच्या सातांवरही सुरू झाला.

रोलबॅक म्हणजे सुरक्षित, हे आपल्या मनात फार पक्कं बसलेलं आहे. पण आपण कोड मागे नेतो तेव्हा त्या कोडला मिळणारी माहितीही मागे गेली का, हे बघावं लागतं. सेटिंगची फाइल, डेटाबेसमधला रकाना, बाहेरून येणारा फ्लॅग, हे सगळं आजचं राहिलं आणि कोड तेवढा कालचा झाला, तर तयार होणारी जोडी याआधी कुणीच चालवून बघितलेली नसते. त्या सकाळी आठ मशीनपैकी चुकतंय कुठलं, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. उत्तर एकाच मशीनकडे बोट दाखवत होतं.

१०:१५ च्या सुमारास

थांबलं तेव्हाचा हिशेब असा. २१२ ऑर्डरींपोटी ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरांची उलाढाल झाली. ८० शेअरांमध्ये सुमारे ३५० कोटी डॉलरची न मागितलेली खरेदी अंगावर आली, आणि ७४ शेअरांमध्ये सुमारे ३१५ कोटी डॉलरची विक्री, तीही हातात नसलेल्या शेअरांची.

एक्स्चेंजने व्यवहार तपासले आणि फक्त सहा शेअरांमधले रद्द केले. बाकी सगळं नाइटच्या माथी राहिलं.

त्यानंतर

२ ऑगस्टला कंपनीने ४४ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. अखेरचा आकडा ४६ कोटींच्या वर गेला. ३१ जुलैला दहा डॉलरच्या वर असलेला तिचा स्वतःचा शेअर दोन दिवसांत तीन डॉलरच्या खाली आला. त्याच आठवड्याच्या शेवटी जेफरीज, ब्लॅकस्टोन, गेटको वगैरे गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून तिला उभं ठेवलं, आणि त्या बदल्यात कंपनीचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेला. २०१३ मध्ये नाइट गेटकोमध्ये विलीन झाली. ऑक्टोबरमध्ये कमिशनने तिला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. बाजारात थेट ऑर्डरी पाठवणाऱ्यांसाठी केलेल्या नियमाखाली झालेली ही पहिली कारवाई.

त्या आदेशात कुठल्याही अवघड तंत्राचा दोष नाही. पडून राहिलेला कोड, पुन्हा वापरलेला फ्लॅग, राहून गेलेला एक सर्व्हर, न वाचलेले मेल. तुमच्या माझ्या प्रोजेक्टमध्ये यातल्या दोन गोष्टी आज नक्की सापडतील.

म्हणून एक विनंती आहे. उद्या एडिटर उघडाल तेव्हा शोधाच्या चौकटीत तुमच्या प्रोजेक्टमधल्या सगळ्यात जुन्या फ्लॅगचं नाव टाका. तो शेवटचा ‘हो’ कधी झाला होता हे टीममध्ये विचारा. कुणालाच सांगता आलं नाही, तर त्याच्या मागचा कोड काढून टाका, तो सगळ्या मशीनवरून गेला का हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, आणि ते नाव पुन्हा कशालाही देऊ नका.