पहिल्या महायुद्धाची स्मृती आणि चित्रपट : तीन अभिजात युद्धपटांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास प्रामुख्याने दोन ठिकाणी जपला जातो : सरकारी दफ्तरात आणि रणभूमीवरून परतलेल्या माणसांच्या मनात. पहिला लिहिलेला असतो. दुसरा बहुधा बोललाही जात नाही. विसाव्या शतकात या दोहोंच्या जोडीला चित्रपट हे तिसरे साधन आले. इतिहासाच्या अभ्यासकांनी या साधनाकडे दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहिले.

युद्धपट म्हटला की तोफांचा भडिमार आणि विजयाचा ध्वज डोळ्यांसमोर येतो. तथापि पहिल्या महायुद्धावरील (१९१४-१९१८) जे चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहिले, त्यांत विजयाला जवळजवळ स्थान नाही. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०), ‘ला ग्रांद इल्युझ्याँ’ (१९३७) आणि ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) या तीन चित्रपटांच्या आधारे हे असे का झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. चित्रपटाच्या कलागुणांइतकेच शासनसंस्थेने त्याला दिलेल्या वागणुकीकडेही येथे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहिले आहे.

१. वर्गातून खंदकाकडे

एरिश मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी लुईस माइलस्टोन याने हॉलिवुडमध्ये तिच्यावर चित्रपट काढला. उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शन असे दोन्ही ऑस्कर पुरस्कार त्याला मिळाले.

अध्यापकवर्गाने या चित्रपटाचा आरंभ विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे. खिडकीबाहेरून फौजेचे संचलन चालले आहे आणि वर्गात कांटोरेक हे शिक्षक मुलांना पितृभूमीसाठी लढण्याचे आवाहन करीत आहेत. मुले भारावून जातात, वह्यापुस्तके भिरकावतात आणि भरतीसाठी बाहेर पडतात. पुढे यांतलाच पॉल बॉयमर रजेवर गावी येतो, तेव्हा तोच वर्ग, तेच शिक्षक आणि तेच भाषण चालू असते. बाकांवर मुले तेवढी नवी असतात. शिक्षक त्याला पराक्रमाच्या चार गोष्टी सांगावयास सुचवितात. आपण खंदकात राहतो, लढतो आणि मरू नये म्हणून धडपडतो, एवढेच तो सांगू शकतो. मुले त्याला भित्रा ठरवितात. युद्धाची सुरुवात रणांगणावर होत नसून ती वर्गातही होऊ शकते, हे चित्रपटाचे प्रतिपादन आजही अस्वस्थ करणारे आहे.

दुसरा प्रसंग तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यातला. पॉल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि त्या मरणाऱ्या माणसासोबत त्याला रात्र काढावी लागते. मृताच्या खिशात बायकोमुलीचे छायाचित्र सापडते आणि ‘शत्रू’ या शब्दाला प्रथमच चेहरा मिळतो.

डिसेंबर १९३० मध्ये हा चित्रपट बर्लिनमध्ये दाखविण्यात आला, तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझी कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहात घोषणा दिल्या, दुर्गंधीचे गोळे फोडले आणि पांढरे उंदीर सोडले. काही दिवसांतच, ११ डिसेंबर रोजी, चित्रपटावर बंदी घालण्यात आली. हिटलर त्या वेळी सत्तेवर नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बंदी घातली ती लोकशाही प्रजासत्ताकाच्या यंत्रणेने आणि ती घातली झुंडशाहीच्या दडपणाखाली. पुढच्या वर्षी काटछाट केलेली आवृत्ती दाखविण्यास परवानगी मिळाली, पण सवलतीचा पायंडा पडून गेला होता. १९३३ मध्ये रेमार्कची पुस्तके जाळण्यात आली आणि १९३८ मध्ये त्याचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले. याच कादंबरीवर जर्मन भाषेतील चित्रपट निघण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

२. लढाईविना युद्धपट

झाँ रन्वार हा पहिल्या महायुद्धात स्वतः लढलेला दिग्दर्शक. पायाला गोळी लागल्यानंतर तो टेहळणी विमानांवर गेला. त्याच्या ‘ला ग्रांद इल्युझ्याँ’, अर्थात ‘महान भ्रम’, या चित्रपटात लढाईचे एकही दृश्य नाही. जर्मनांच्या ताब्यातील फ्रेंच अधिकारी आणि त्यांचे पलायन एवढेच कथानक आहे.

रन्वारने युद्धाकडे राष्ट्रांच्या नव्हे तर वर्गांच्या दृष्टीने पाहिले. फ्रेंच उमराव ब्वाल्द्यो आणि किल्ल्याचा जर्मन अधिकारी राउफेनश्टाइन हे परस्परांचे शत्रू. परंतु त्यांचे संस्कार, शिष्टाचार आणि आठवणी एकच आहेत. उलट, ब्वाल्द्यो आणि कामगारवर्गातून आलेला मारेशाल एकाच सैन्यात असूनही त्यांच्यात अंतर राहते. सहकाऱ्यांना पळता यावे म्हणून ब्वाल्द्यो पहारेकऱ्यांचे लक्ष स्वतःकडे वेधून घेतो. त्याच्यावर गोळी झाडण्याचे काम राउफेनश्टाइनलाच करावे लागते. एक संपूर्ण सरंजामी जग येथे सभ्यपणे मरण पावते.

पळालेल्या दोघांना एल्सा ही जर्मन शेतकरी विधवा आसरा देते. तिचा नवरा आणि भाऊ कोणकोणत्या लढायांत पडले, हे ती छायाचित्रांकडे बोट दाखवून सांगते. त्यांतील बहुतेक नावे जर्मनीच्या मोठ्या विजयांची आहेत. विजयाचा अर्थ घरात काय उरतो, हे जेवणाच्या त्या रिकाम्या मेजावरून कळते.

१९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव होऊनही मुसोलिनीच्या इटलीत चित्रपटावर बंदी आली. जर्मनीत ती आलीच आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर खुद्द फ्रान्सनेही ती लादली. परस्परांशी लढणाऱ्या सरकारांचे एका गोष्टीवर मात्र एकमत झाले. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जर्मनांनी बर्लिनला नेली, तेथून ती सोव्हिएत फौजांच्या हाती पडली आणि १९६० च्या दशकात तुलूझच्या चित्रपट-संग्रहालयात आली. ती तेथे आहे, हे लक्षात येण्यास १९९० चे दशक उजाडले.

३. स्वतःच्याच सैनिकांवरील गोळ्या

शाम्पेन प्रांतातील सुएँ येथे १० मार्च १९१५ रोजी निष्फळ हल्ल्यांनी खचलेल्या एका फ्रेंच तुकडीने खंदकाबाहेर पडण्यास नकार दिला. जनरल रेव्हेयाक याने स्वतःच्याच खंदकांवर तोफा डागण्याचा हुकूम सोडला. तोफखान्याच्या अधिकाऱ्याने तो लेखी मागितला आणि तोफा डागल्या गेल्या नाहीत. १७ मार्च रोजी चार कॉर्पोरलांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांपैकी थिओफील मोपा हा शाळाशिक्षक होता. त्याची पत्नी ब्लांश हीही शिक्षिका. नवऱ्याच्या नावावरील कलंक पुसण्यासाठी तिने जवळजवळ दोन दशके लढा दिला. अखेर ३ मार्च १९३४ रोजी विशेष न्यायालयाने चौघांनाही निर्दोष ठरविले. भरपाई मिळाली ती प्रतीकात्मक, एक फ्रँक.

या प्रकरणाच्या आधारे हम्फ्री कॉब याने १९३५ मध्ये कादंबरी लिहिली आणि स्टॅन्ली कुब्रिकने १९५७ मध्ये चित्रपट काढला. लेखी हुकुमाची मागणी चित्रपटातही आहे. चौघांच्या जागी तिघे आहेत. त्यांपैकी एकाची निवड चिठ्ठीने होते, दुसरा आपल्या अधिकाऱ्याच्या भ्याडपणाचा साक्षीदार म्हणून नको असतो, तर तिसरा समाजात न शोभणारा म्हणून निवडला जातो. सेनापतींचे खलबत राजवाड्यात चालते आणि त्याची किंमत चिखलात मोजली जाते. या चित्रपटात शत्रू पडद्यावर जवळजवळ येतच नाही. जी एकमेव जर्मन व्यक्ती ठळकपणे दिसते, ती अखेरच्या दृश्यात भीतभीत गाणारी एक बंदिवान मुलगी. तिचे गाणे ऐकताना हुल्लड करणारे फ्रेंच शिपाई हळूहळू निःशब्द होतात.

फ्रान्सने या चित्रपटावर औपचारिक बंदी घातली नाही. दडपणामुळे वितरकांनी तो तेथे दाखविलाच नाही. फ्रेंच प्रेक्षकांना तो १९७५ मध्ये पाहावयास मिळाला. न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वी मान्य केलेले सत्य पडद्यावर सोसवत नव्हते. त्या युद्धात फ्रान्सने आज्ञाभंगादी कारणांवरून स्वतःच्या सहाशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. १९१७ मध्ये बंड केल्याबद्दल ज्यांना मृत्युदंड झाला, त्यांना राष्ट्राच्या सामूहिक स्मृतीत पुन्हा स्थान मिळावे, असे पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ यांनी क्राओन येथे जाहीरपणे म्हटले, तेही १९९८ मध्ये.

४. या स्मृतीच्या मर्यादा

या चित्रपटांचे मौनही नोंदविले पाहिजे. ‘ला ग्रांद इल्युझ्याँ’मध्ये एक कृष्णवर्णीय कैदी आपण काढलेले चित्र सहकाऱ्यांना दाखवितो; कोणी फारसे लक्ष देत नाही. वसाहतींतील सैनिकाला या स्मृतीत मिळालेली जागा एवढीच. सुएँची घटना घडली त्याच दिवशी, १० मार्च १९१५ रोजी, न्यूव्ह शापेल येथे ब्रिटिश सैन्याच्या बाजूने भारतीय पलटणी लढत होत्या. तेथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरली आहेत. दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक त्या युद्धासाठी परदेशी गेले. परंतु या तिन्ही चित्रपटांत ते कोठेही नाहीत. जे पडद्यावर आले नाहीत, त्यांच्या बाजूने ‘शत्रू’ला चेहरा देण्याचे कामही झाले नाही.

निष्कर्ष

१. हे चित्रपट स्मरणात राहिले ते रणदृश्यांच्या भव्यतेमुळे नव्हे. शत्रू समोरच्या खंदकातच असतो हे गृहीतच त्यांनी तपासले आणि वर्ग, सरंजामी प्रतिष्ठा व राजवाडा यांकडे बोट दाखविले.

२. बंदी आणि दडपण यांचा इतिहास हा या चित्रपटांच्या सत्यतेचा नव्हे, तर त्यांच्या परिणामकारकतेचा पुरावा होय. सत्यता दफ्तरांशी ताडूनच ठरवावी लागते. सुएँच्या प्रकरणात ती बव्हंशी जुळते.

३. इतिहासाच्या अध्यापनात युद्धपट दाखविताना त्यात काय आहे याबरोबरच कोण नाही, हाही प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

कांटोरेकच्या वर्गात प्रश्न विचारले गेले नाहीत. तेथे केवळ भाषण झाले. वर्ग आजही आपल्याच हाती आहे, याचे भान हे चित्रपट अध्यापकाला देतात.